चौदाव्या किलोमीटरचं दार

डॉक्टर तहेनियत काझींनी कोपराखाली पट्टा आवळला,
म्हणाल्या, पाच मिनिटं. हलू नका, घोगरे.
त्याआधी सकाळी त्यांनीच खाऊ घातलं होतं:
वाटीभर साय, तुपात निथळणारा शिरा,
चार पुऱ्या, आणि वर बोटभर तवंगाचा रस्सा.
परभणीत दवाखान्यातली पंगत
मी पहिल्यांदाच जेवलो.
मग चार तास खाटेवर,
छताचा पंखा मोजत.

पट्टा आवळला की हात मुका होतो.
पडद्यावर माझी नस, करडी, बोरूएवढी.
मला लगेच ओळखू आली.
एकतीस वर्षं पाटकरी होतो, डाव्या कालव्यावर.
दार पाडणं, दार उचलणं,
दुसरं काही केलं नाही जन्मात.

पट्टा सुटला.
रक्त धावलं, पाळीचं पहिलं पाणी धावतं तसं,
पुढं काटक्या ढकलत.
"आता भिंत बघा," बाई म्हणाल्या.
मी म्हणलं, भिंतीचं काय बघायचं,
पाणी कितीबी येऊ द्या, सिमेंट थोडंच रुंदावतं?
"नस रुंदावते," त्या म्हणाल्या.
धारेचा घासा लागला की आतलं अस्तर ओळखतं,
सरकून जागा देतं,
एसटीतल्या बाकावर शेजारचा देतो तशी.
पण रक्तात चरबी तरंगत असली
की अस्तरही सुस्तावतं,
जेवल्यावर तुम्ही सुस्तावता तसंच.

त्या दिवशी माझं अस्तर बसूनच राहिलं.
तीन टक्के, कागदावर.

"आठ दिवसांनी या. जेवण तेच.
पण आदल्या संध्याकाळी तासभर चाला, झपझप.
बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये, असं."

मी कुठं जाणार चालायला?
पाय आपोआप भरावावर गेले.
अकराव्या किलोमीटरपासून चौदाव्यापर्यंत आणि परत,
पूर्वी रोज रात्री ही फेरी होती,
बॅटरी, काठी, कुणी चोरून नळी टाकली का बघत.
तेव्हा तेलकट खायला मिळायचं कुठं.
आता मिळतं,
तर दारांना मोटारी बसल्या
आणि मला प्लास्टिकची खुर्ची.
चौदाव्याचं जुनं दार अजून आहे.
चाकाला हात लावला. गंज हाताला आला,
चाक तसूभर हललं नाही.

दुसऱ्या दिवशी तोच शिरा, तोच तवंग,
तोच पट्टा. सुटला,
आणि पडद्यावरची करडी रेघ
हळू, अगदी हळू, बाजूला झाली.
साडेसहा.
"काल चाललात, ते आज कामाला आलं."
म्हणजे ओल टिकते, म्हणलं. किती दिवस?
"एखादा. फार नाही."
काळ्या रानातबी त्याहून जास्त टिकते,
हे मी बोललो नाही.

घरी कौसाबाई कढईपाशी होती.
सगळं सांगितलं, भिंत, धार, ओल.
तिनं एकच विचारलं,
"आन् बायांचं?"
यादीत बेचाळीस जण होतो, सगळे बापे.
बायांचं पुढच्या टप्प्यात, असं म्हणाल्या होत्या बाई,
आणि मी मान हलवली होती.
कौसाबाई सगळ्यांच्या मागून जेवते,
तळणाची कढई भाकरीनं पुसून घेत.
तिच्या दंडातल्या नसेकडं
अजून कुणी पाहिलेलं नाही,
मी धरून.

तिनं चूल विझवली.
पाटबंधारे खात्यानं दिलेले माझे बूट
फडकं कोंबून पायात घातले
आणि दाराबाहेर झाली.

बाराव्या किलोमीटरला ती पुढं होती.
"बोला की," म्हणाली, मागं न बघता.
मला बोलता येईना.
ती जात्यावरचं काहीतरी गुणगुणत होती.
मी दम सावरून ओरडलो,
गाणं नको, नियमात बसत नाही!
ती थांबली नाही.
बूट भरावावर फटफट वाजत राहिले.
खाली कालवा कोरडा.
पाळी सोमवारी सुटणार होती.