दोन बोटं दोरी

पुतणीच्या लग्नासाठी ठुशी घालून पाहिली
तर दोरी संपली आणि मान उरली.

सराफ्यात, कढया चढायच्या आत,
गेंदालाल पटव्याच्या ओट्यावर बसले.
त्याने आधी दोरी पाहिली, मग चष्म्यावरून मला.
"बाईसाब, गला भर गया है," म्हणाला,
सुख लागलं म्हणतात तशा आवाजात.

आमच्यात गळा भरून येतो तो वेगळा.
तो माझा चार वर्षांत आलेला नाही.
आई गेली तेव्हाही नाही.

घरी आरशासमोर आवंढा गिळला.
काहीतरी वर गेलं, खाली आलं,
जिन्यात कुणी घुटमळावं तसं.

रोज रात्री लिथियमच्या दोन गोळ्या.
"मीठच आहे हो, एका प्रकारचं,"
डॉक्टर खंडेलवाल पहिल्या दिवशी म्हणाले होते.
खाल्ल्या मिठाला जागते आहे,
म्हणजे रात्री झोपते.

मिठाआधीची मी सात रात्री टक्क उघडी,
हीच ठुशी रिक्षावाल्याच्या हातावर ठेवून
"राजवाडा ते रामबाग, सुटे राहू द्या" म्हणणारी.
हसा. मीही हसले होते, फार वेळ.
तिसऱ्या दिवशी तोच ती परत घेऊन आला,
दादाकडे भाड्याचे तीस रुपये तेवढे मागितले.

डॉक्टरांनी मागे उभं राहून
दोन्ही हातांच्या बोटांनी गळा चाचपला.
"गिळा."
गिळलं.
इतक्या हलक्या हाताने इथे
कधी कुणी काही शोधलं नव्हतं.
मग रक्त, सोनोग्राफी. टीएसएच चौदा.

"मग ही बंद करू?"
"आपल्या मनाने अजिबात नाही.
हिच्या जोडीला अजून एक.
पहाटे, उपाशीपोटी, चहाच्या आधी."
आपल्या मनाने.
शब्द काय नेमका काढला त्यांनी.

वहिनी म्हणाली, शेला घे, फोटोत दिसायचं नाही.

गेंदालालने दोन बोटं दोरी वाढवली,
लाल रेशीम, खाली जुनाच गोंडा.
"अजून वाढला तर?"
"डोरी है, बाईसाब. फिर आ जाना."

लग्नात शेला कपाटातच राहिला.
विहीणबाई दोनदा गळ्याकडे बघून
शेवटी म्हणाल्या, जुनी घडण वाटते.
हो, म्हटलं,
आणि गिळलं.