सुरक्षा-प्रश्न क्रमांक दोन

बँकेच्या ॲपनं विचारलं : तुमचं जन्मगाव?
मी लिहिलं कुर्डी.
उत्तर जुळत नाही, म्हणालं.

के लावून लिहिलं. मग सी लावून,
बापाच्या पोर्तुगेज कागदांवर सीच होता म्हणून.
शेवटी आय लावला, वाय लावला,
एकदा मागं एक जागा मोकळी राहिली,
तीसुद्धा चुकीत धरली.
पाचव्यांदा म्हणालं, तुमच्याच सुरक्षेसाठी
तुम्हाला चोवीस तास बाहेर ठेवत आहोत.

तुमच्याच सुरक्षेसाठी.
हे मी आधी एकदा ऐकलंय, जीपवरच्या भोंग्यातून.
धरणाचं पाणी चढणार होतं,
मी दहा वर्षांचा, ट्रकमध्ये मांडीवर
कोंबड्यांचा झाप घेऊन बसलेलो.
तेव्हा चोवीस तास असं काही सांगितलं नव्हतं.

सांगेच्या बाजारात रोवेनाचं दुकान.
झेरॉक्स, लॅमिनेशन, बोटांचे ठसे, फेस्ताच्या पावत्या.
अंकल, लिहू नका, यादीतून निवडा, म्हणाली.
यादीत कुंकळ्ळी होती, मग कुडचडें,
मग एकदम दाबोळी.
चष्मा पुसून पुन्हा वर गेलो, पुन्हा खाली आलो.
कुंकळ्ळी, कुडचडें, दाबोळी.
मागं एक पोरगा आधारसाठी ताटकळत होता, त्याला म्हटलं तू हो पुढं.

ओटीपी जातो माझ्या जुन्या नंबरावर.
घरात रेंज नाही म्हणून मीच तो सोडला होता.
लावून पाहिला, एका बाईनं उचलला,
मागं मडगावचा मासळीबाजार बोंबलत होता.
तुम्हीच काय ते वेळीप? म्हणाली,
तुमचं वीजबिल येतं, सोसायटीची नोटीस येते,
रक्ताचा रिपोर्टही आलेला, साखर वाढलीय हो, भात कमी करा.
म्हटलं, बाय, आत्ता सहा आकडे आले असतील, तेवढे वाच.
वाचून म्हणाली, आलेत,
पण कोणालाही सांगू नका असं लिहिलंय.
आणि नाहीच सांगितले.

एकतीस वर्षं मी वीजखात्यात लाईनमन.
रात्री दोन वाजता लोकांच्या माळ्यावर चढलो,
कपाटामागचे फ्यूज बदलले, कुत्र्यांनासुद्धा ओळखीचा.
कोणी विचारलं नाही तुझ्या पहिल्या शाळेचं नाव काय.
विचारलं असतं तर सांगितलं असतं,
तीही पाण्यातच आहे.

मे महिन्यात पाणी उतरलं तसा गेलो.
चिखल तडकून खपल्या झालेल्या,
आमच्या घराची जोती गुडघाभर वर,
न्हाणीचा दगड अजून घोटलेला.
उंबरठ्यावर उभं राहून फोन काढला तर
पाचच्या पाच काड्या रेंज.
म्हटलं इथूनच लिहून बघू. कुर्डी.

तेवढ्यात पलीकडच्या जोतीवर बसलेली म्हातारी,
छत्री धरून, पोराबाळांसकट फणस फोडून,
हात आडवा धरून ओरडली :
कोण रे तो? गुणो मरे?

गुणो माझा थोरला. त्याला जाऊन अकरा वर्षं झाली.
म्हटलं, हय, हांव.
ये मरे, बस, म्हणाली,
आणि तळव्यावर चार गरे ठेवले.
माझ्या चालीवरून ओळखलं म्हणाली,
चुलत्यावर गेलायस अगदी.

खिशात फोन थरथरला.
नवीन ठिकाणाहून कोणीतरी
तुमच्या खात्यात शिरू पाहत आहे.
खाली नकाशा, सगळं निळं पाणी,
आणि मधोमध तांबडा ठिपका.
ते तुम्हीच आहात का?

होय आणि नाही अशी दोन बटणं होती.
अंगठ्याला फणसाचा चीक.
होयवर दाबलं, काच दाद देईना,
धोतराला पुसला, पुन्हा दाबलं.
म्हातारी म्हणाली, तेल लाव रे,
चीक असा जायचा नाही,
आणि पिशवीत बाटली शोधू लागली.
तोवर पडदा काळा झाला होता.