एक पैसा

पाटोवर, तिसऱ्या मजल्यावर,
जिथून मांडवीचा पूल तिरका दिसतो
त्या टेबलाशी माझं हे सतरावं वर्ष.
खुर्ची दोनदा बदलली. कोड नाही.
पतसंस्थांचे हिशेब ठेवणारा आमचा प्रोग्राम
सांगे, केपे, पेडणे, जिथे जिथे
नाकावर चष्मा घसरलेला कारकून पासबुक छापतो
तिथे चालतो. कुणाला दिसत नाही.
दिसला तर समजायचं, काहीतरी बिघडलंय.

पगार महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी
दुपारी साडेतीनच्या आत.
लॉकडाऊनमध्येही साडेतीन.
हे मी हलक्यात घेत नाही.
बाबांच्या डायलिसिसचे मंगळवार-शुक्रवार
दोन वर्षं या साडेतीननेच ओढून नेले.
"तू जा," एवढंच म्हणायचे कुडचडकरसर,
स्क्रीनवरून मान न वळवता,
आणि रजेचा अर्ज मागायचं विसरून जायचे,
मुद्दाम.

आन्सेल्म माझ्या पाठीमागे बसायचा. बंगळूरला गेला.
सहा वर्षांत चार कंपन्या. एक बुडाली,
एकीने शेअर दिले, त्यातून हळदोण्याच्या घराला नवी कौलं.
नाताळला येतो. केस गेलेत,
डोळे मात्र पाठलाग चुकवून आलेल्या माणसासारखे लखलखीत.
"अजून तेच?" विचारतो.
"अजून तेच."
दोघंही हसतो. माझं आधी संपतं.

आणि ती निर्झरा फळदेसाय, ट्रेनी,
आठव्या महिन्यात राजीनामा देऊन गेली.
कारणाच्या रकान्यात लिहिलं: इथे शिकण्यासारखं काही नाही.
मग माझ्या टेबलाशी येऊन, हळूच,
"म्हणजे, तुम्हाला सोडून, मॅडम."
तो "सोडून" मी अजून उलटसुलट करून बघते.

गेल्या गुरुवारी चोडणच्या फेरीबोटीवर फोन घेतला.
पुण्याची कंपनी. मुलीचा स्वच्छ, घाईचा आवाज.
"गेल्या पाच वर्षांत तुम्ही नवीन काय बांधलंत?"
बोट मधोमध. एका स्कूटरच्या हँडलला
बांगड्यांची पिशवी, थेंब थेंब गळणारी.
काय सांगणार होते?
की एका रात्रीत सगळे सर्व्हर हलवले
आणि सकाळी कुणाला कळलंसुद्धा नाही?
न घडलेल्या गोष्टींची यादी
कुठल्या फाइलमध्ये जोडून पाठवतात?
"हॅलो? ऐकू येतंय का?"
येत होतं.
मी म्हटलं, नेटवर्क नाही.
चारही काड्या उभ्या होत्या.

पलीकडे उतरलं की खाजनाचा बांध, बांधात मानस.
भरतीला तिची दारं आपोआप मिटतात,
ओहोटीला उघडतात, खारं पाणी शेतात येत नाही,
आणि त्याबद्दल कुणी दारांचं अभिनंदन करत नाही.
त्या दिवशी वाटलं, थांबावं, बघावं,
स्वतःची थोडी समजूत घालावी.
थांबले. जवळून पाहिलं.
फळी कुजली होती. जिथे उभी होती तिथेच, उभ्या उभ्या.
डास फार होते. निघाले.

एकतीस मार्चला सांग्याहून फोन, सगुणबाबांचा.
"बाय, ताळेबंद जुळत नाही. एक पैसा."
एका पैशासाठी माणूस सकाळपासून जेवला नव्हता.
मी डोळे मिटूनही सांगू शकले असते,
चारशे बारावी ओळ.
अंधारात स्वयंपाकघरातली काडेपेटी सापडावी
तशी ती मला सापडते.
या हाताला बाजारात किंमत नाही,
आणि हा हात दुसऱ्या कुणाकडेही नाही.

ओळीशेजारी टीप होती, दोन हजार नऊची:
"तात्पुरतं. नंतर नीट करायचं."
खाली माझीच आद्याक्षरं.

आठ मिनिटं लागली.
सगुणबाब म्हणाले, "जुळलं गो," आणि जेवायला गेले.
ओळ मी नीट केली.
टीप तशीच ठेवली.