चालू अंगठा

वाशीहून टेम्पो येतो, लसणाची पोती टाकतो
महाराष्ट्र नगरच्या कमानीपाशी.
सोलायचे किलोमागे दहा रुपये. सालं फेकायची आपणच.
आई पाटी भिजवते, अंगठ्याने खरवडते.
अंगठा आधी जळतो, मग सोलवटतो, मग
काचेसारखा गुळगुळीत होतो.

गालाशेठच्या मशीनला तो दिसत नाही.
पुसून लावा. तेल लावा. केसांवर घासा जरा.
आईने सगळं केलं.
लाल दिवा.

बाबांचा सिमेंटने खाल्लेला.
माझा मागच्या दिवाळीपर्यंत बरा होता,
मग दहावीच्या क्लासची फी आली
आणि मीही बसले पोत्यापाशी.

उरला सुमेध. वय अकरा.
पहिल्याच फटक्यात हिरवा.
पावती फरफर बाहेर आली तेव्हा शेठ म्हणाला,
याला जपा.

म्हणून जपतो.
त्याने शेगडीला हात लावायचा नाही, भांडी घासायची नाहीत,
लसणाजवळ तर फिरकायचंच नाही.
रेशनच्या दिवशी त्याची शाळा बुडते,
बाई विचारतात, तो सांगतो ताप.
लाटसाहेब झालाय घरात. पाणी भर म्हटलं
तर नुसता अंगठा वर करून दाखवतो.
एकदा चिडून म्हटलं, कापून कपाटात ठेवते तुझा अंगठा,
तर म्हणे, कपाट कुठंय?

जानेवारीच्या तीस तारखेला तो पत्र्यावरून उतरला
मूठ आवळून.
कुणाचा तरी कटलेला पतंग, चायनीज मांजा,
अंगठ्याच्या पेरावर आडवी चीर, आतलं पांढरं दिसेपर्यंत.
दुखत नाही, म्हणाला.
आणि मग, उद्या शेवटची तारीख ना?

आई ओरडली नाही.
हळद मी दाबली. आईच्या हाताला लसूण होता.

रात्री बल्ब तसाच ठेवून ती त्याच्या उशाशी बसली,
झोपलेल्याची बोटं एकेक उलगडून
उजेडाला धरत.
शताब्दीत तो झाला तेव्हाही, सांगते,
नर्सच्या हातून घेतल्या घेतल्या आधी बोटंच मोजली होती.
भरली होती दहाच्या दहा.

मधेच थांबली. डाव्या हाताची तर्जनी
फुंकर घालून पदराने पुसली.
ही चालेल, म्हणाली,
मला की त्याला की गालाशेठच्या मशीनला.

मी उठून डब्यातले तांदूळ बघितले.
तीन वाट्या.
अडीच असतील.