थोडंच राहिलंय

सकाळी सहाला देवळामागच्या पायऱ्यांपाशी
कानेजिरोने गाडी थांबवली, इंजिन चालूच.
“फीत, कात्री, पाणी, भात?”
“आहे, आहे, आहे. भात कालचा.”
तो डोंगराला वळसा घालून पलीकडच्या देवळाशी जाणार,
पार्किंगमध्ये झोपणार,
आणि मी आठ तास चालून त्याच्यापाशी पोचणार.
गेल्या वर्षीपर्यंत दोघं चालायचो.
आता त्याच्या गुडघ्यात धातू आहे.

मार्चमध्ये यात्रेकरू येतात, पांढऱ्या अंगरख्यांत.
त्याआधी एकदा ही वाट आम्ही तपासतो:
जुन्या तांबड्या खुणा कापायच्या, नव्या बांधायच्या.
गाठ सैल ठेवायची. झाड वाढतं.
हे मला कानेजिरोने शिकवलं
आणि स्वतःच्या मुलाच्या वेळी विसरला.

पहिल्याच चढाचं नाव
यात्रेकरू-गडगडतात-ती-जागा.
मी अजून गडगडले नाही. बसले मात्र पुष्कळदा.
कडेला दगडी जिझो, गळ्यात लाल लाळेरी.
एकाचं विटून गुलाबी झालंय.
एकाच्या मांडीवर कुणी खोकल्याची गोळी ठेवलीय,
चांदीच्या कागदासकट.

साकवावर काठी उचलते.
टेकवायची नाही, खाली महागुरू निजलेले असतील.
बाराशे वर्षांपूर्वी एका रात्री
कुणी त्यांना दार उघडलं नाही, म्हणून पुलाखाली
कुडकुडत पडून राहिले, अशी गोष्ट.
दार न उघडणाऱ्यांचेच आम्ही वंशज,
तेव्हा सवय हाडात मुरलेली.
ऑपरेशननंतर कानेजिरो पहिल्यांदा चालला
तो हॉस्पिटलच्या दोन इमारतींमधल्या काचेच्या पुलावर.
त्याने काठी उचलून धरली.
नर्स ओरडली, “अहो टेका! त्यासाठीच दिलीय!”
त्याने खाली बोट दाखवलं.
टॅक्सीत एक ड्रायव्हर तोंड उघडं टाकून झोपला होता.
“बघा,” म्हणाला.

मोठा सीडर. नऊशे वर्षांचा म्हणतात;
सासऱ्यांच्या वेळीही नऊशेचाच होता.
मुळांवर एक पोरगा बूट काढून बसलेला,
टाचेला फोड, टोपीची किंमत-चिठ्ठी अजून तशीच.
फुकामी. उत्तरेकडचा. हंगामाआधीच निघालेला.
का, ते मी विचारत नाही. इथे कुणी विचारत नाही.
“मावशी, अजून किती?”
“थोडंच राहिलंय.”
तीन तास राहिले होते.

बावीस वर्षं हेच सांगत आलेय:
बँकेतल्या माणसाला, नवऱ्याचा फोटो
छातीशी बांधून चालणाऱ्या बाईला,
एका भिक्षूलासुद्धा, जो बहुधा ओळखून होता.
पायांना खरं कळलं की ते बसतात.

मग उतार. मिळवलेली सगळी उंची
परत द्यायची, मोजून, दरीतल्या वाडीपर्यंत.
सात घरं. धूर दोनांतून.
इवाओबाईंचं दार लावलेलं, पत्रपेटीच्या तोंडाला चिकटपट्टी.
त्या उकडलेले बटाटे द्यायच्या, मीठ न विचारता.
सुदाचीची फळं झाडावरच पिवळी होऊन गेलीत.
कुंपणाच्या मेढीला पालवी फुटलीय.
तिथे फीत बांधली. सैल.

शेवटचा चढ.
इथलं एकेक मूळ मला पायाने ठाऊक आहे.
अर्ध्यावर छातीने नाही म्हटलं.
बसले. खिशात पाच खुणा शिल्लक,
पुढे पाच झाडं, आणि मध्ये मी.

मागून बूट वाजले. फुकामी, लंगडत.
माझ्याकडे पाहिलं. वर पाहिलं. त्याला काय माहीत वरचं?
जन्मात आला नव्हता इकडे.
“मावशी,” तो म्हणाला,
अगदी आमच्या हेलात, माझाच हेल,
“थोडंच राहिलंय.”

किती राहिलंय ते मला पावलांत सांगता आलं असतं.
तरी विश्वास बसला.
उठले.
खुणा त्याच्या हातात दिल्या. गाठी त्याने घट्टच मारल्या.
उद्या सैल करायला हव्यात.

पार्किंगच्या तोंडाशी गटाराची जाळी,
दोन फुटांची. पूल म्हणवत नाही.
गाडीत कानेजिरो, तोंड उघडं.
मी काठी उचलून पलीकडे गेले
आणि काच लगेच वाजवली नाही.