शेवाळाची खुरपणी

चारठाण्याच्या बारवेत आज
आणखी एक पायरी उघडी पडली.
आम्ही अकरा बाया, दोन पोरं, सात घमेली
आणि सगळ्यांच्या खाली, पाण्याजवळ
शेवाळ खरवडत बसलेली सोजरबाई.
खुरपं तेच, काल भुईमुगात होतं ते.
म्हणाली, "सांग की गं, तिकडं काय काय पाह्यलंस?"

काय पाहिलं?
तीन वर्षं एका म्हाताऱ्याचं अंग पुसलं.
"कूस बदलू का" हे त्याच्या भाषेत
न अडखळता म्हणायला शिकले.
आणि नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी
चाकाच्या खुर्चीत बसवून त्याला
देवळाच्या बागेत नेलं.
माझं तिकीट पाचशे येन, त्याचं अर्धं.
देऊळ आपल्या ह्या देवळाएवढंच जुनं,
पण लाकडाचं.

"लाकडाचं? आन् वाळवी?"
सोजरबाईला आधी वाळवीच आठवणार.

बागेत फूल नव्हतं.
मी शोधलं, अगदी मागच्या भिंतीपर्यंत.
नुसतं शेवाळ:
झाडांच्या बुडाशी, दगडांच्या पाठीवर,
उंचवट्यांवरून खाली उतरत गेलेलं,
निजलेल्या वासराच्या अंगावर लव असते तसं.
(आपलं हे पाण्यातलं, ते मातीवरचं.
मराठीत दोघांना एकच शब्द,
म्हणून ही सगळी पंचाईत.)

आणि त्यात दोन बाया.
डोक्याला पंचे बांधलेले,
उकिडव्या बसून
शेवाळातलं गवत उपटत होत्या.
मी म्हाताऱ्याला विसरलेच.
ती बसायची रीत!
एक गुडघा वर, डाव्या हातावर भार देऊन पुढं सरकणं,
उपटलेलं मागं न बघता मागं टाकणं.
वाटलं, आता एखादी मान वळवून म्हणेल,
कळशी आण गं इकडं.

"थांब," सोजरबाई म्हणाली. "मग पीक कोन्तं?"
"शेवाळ."
"खातेत?"
"नाही."
"जनावराला?"
"नाही."
"मग इकत आस्तेत."
"नाही गं. बघतात."

तिनं खुरप्याची धार अंगठ्यावर पाहिली.
"आन् बगायची मजुरी देतेत का?"
"उपटायची देतात."
अकरा बाया हसल्या.
हसू पायऱ्या उतरत खाली गेलं,
पाण्यावर आपटलं, पारव्यांना घेऊन वर आलं.

एक सांगितलं नाही.
म्हातारा बराच वेळ गप्प होता.
मग त्यानं पाय पुढं केले: मोजे काढ.
शेवाळावर पाय ठेवू नका, अशी पाटी होती
आणि पाटी मला वाचता येत होती.
मी इकडंतिकडं पाहिलं,
ज्या पायाची नखं दर रविवारी कापायचे
तो उचलून कडेच्या ओलाव्यावर टेकवला.
त्यानं एकच शब्द म्हटला.
मला न येणारा.
विचारू नंतर, म्हटलं.
जानेवारीत त्याच्या गादीवरची चादर
मीच काढून धुवायला टाकली.
टाचेचा तो खळगा भरून यायला
किती दिवस लागले असतील, देव जाणे.

दुपार झाली. पोरं घमेली मोजायला लागली.
देवकोष्ठाच्या खाली, जिथं ऊन कधीच पोचत नाही,
तळहाताएवढं हिरवं तसंच होतं.
"मावशी, ते ऱ्हायलं की."
"आसूं दे रं. तिथं कोन पाय ठिवतंय."

खुरपं तिनं कमरेला खोचलं.
उठता उठता पुन्हा वाकली,
त्या हिरव्यात हरळीची एक काडी उगवली होती
ती दोन नखांत धरून उपटली
आणि मागं न बघता
मागं टाकली.