उन्हाची बाजू

माशी मेली असं लगेच म्हणायचं नाही.
हे मला तांबोळी मॅडमनी शिकवलं,
पाषाणच्या प्रयोगशाळेत,
बाटल्या धुण्यावरून मी माश्या मोजण्यावर आलो
त्या वर्षी.

बर्फातून काढलेली नळी. तळाशी चाळीस माश्या,
फळांवरच्या, तिळाएवढ्या,
पाय वर, पंख मिटलेले.
मी केराची पिशवी पुढे केली.
"थांबा हो लोणकर," म्हणाल्या,
आणि हातात स्टॉपवॉच दिलं.

तीन मिनिटं काहीच नाही.
सातव्या मिनिटाला एकीचा मागचा पाय हलला,
अंधारात कुणी कडी चाचपावी तसा.
अकराव्याला ती उभी राहिली,
कलली, पडली,
पुन्हा उभी राहिली,
आणि सगळ्यात आधी तिनं काय केलं असेल,
तर पुढच्या पायांनी डोळे पुसले.

काही पोरी फार लवकर उठायच्या.
त्यांना आधी थोडा वेळ
थोडासाच गारवा दाखवलेला असायचा.
बारकी थंडी सोसली की मोठी झेपते.
माझी आई हेच सांगायची, गार पाण्याचा तांब्या ओतताना,
फक्त ती वहीत लिहीत नसे.

आता मी निवृत्त. सुतारवाडी, दुसरा मजला, पूर्वेची गॅलरी.
डिसेंबरात सकाळी पारा नऊवर येतो
तेव्हा घरमाशी चिमटीत उचलता येते.
ऊन आधी टाकीवर, मग गॅरेजच्या पत्र्यावर,
मग आमच्या कठड्यावर.
ती उडत नाही, चालत जाते उन्हाकडे
आणि अंग तिरकं करून बसते,
जास्तीत जास्त शेकेल असं.
खाली बसस्टॉपवर सात माणसं,
खांबाची सावली सोडून, कानटोप्या घालून,
सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला.
कुणी कुणाला सांगितलेलं नसतं.

टेकडीवर एक तपकिरी फुलपाखरू आहे.
पावसाळ्यात जन्मलं तर पंखांवर ठळक डोळे,
कोरड्या दिवसांत जन्मलं तर नुसतं वाळकं पान.
रक्त तेच,
कोशात जायच्या वेळी हवा कशी होती एवढाच फरक.

एप्रिलमध्ये आग्या मोहोळाच्या माश्या
टपकणाऱ्या नळाशी रांग लावतात,
पोटात पाणी भरून नेतात, पोळ्यावर शिंपतात,
पंखांनी वारा घालतात.
कधी सगळ्या एकदम उठतात, चक्कर मारतात,
आणि पटवेकरांच्या पांढऱ्या गाडीवर पिवळे शिंतोडे.
मॅडम म्हणायच्या, अंगातली उष्णता टाकत असाव्यात.
पटवेकरांना हे मी सांगितलं.
त्यांनी गाडी हलवली, माझ्याशी बोलणं बंद केलं.

एक गोष्ट मी कुणाला सांगत नाही.
मे महिना, रविवार, वीज गेली,
जनरेटर घरघरला आणि गप्प झाला.
अठरा अंशांच्या कपाटात सत्तर पिढ्यांच्या माश्या.
मी सायकलवरून पोचलो तेव्हा आत चाळीस होतं.
नळ्या तशाच, पाय वर, पंख पसरलेले.
मी मॅडमना म्हणालो, थांबू या.
स्टॉपवॉच लावलं.
सात मिनिटं. अकरा. तास.
त्या खुर्चीत बसून होत्या, ओढणीनं वारा घेत.
दोन तासांनी म्हणाल्या,
"लोणकर, थंडीतून परत येता येतं."
पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.
नळ्या मीच धुतल्या.

आज सकाळी खिडकीत एक घरमाशी उताणी पडलेली.
सून झाडू घेऊन आली. "थांब गं," म्हटलं.
बशीत घेतली, बशी उन्हात सरकवली,
घड्याळ पाहिलं.
उठली. डोळे पुसले.
जराशी चालली आणि थेट
सुनेच्या गुळाच्या पोळीवर जाऊन बसली.
सुनेनं पेपरची घडी केली आणि एकच फटका.

मी काही बोललो नाही.
वहीत लिहिलं:
नऊ मिनिटं, वीस सेकंद.